ड्रोनच्या फुटेजमधला रंग: आकडा थोडा चुकला तर चालेल, तो हलता कामा नये

गवताळ मैदानावरून ड्रोन पुढे सरकतोय. सुरुवातीला चौकटीत निम्मे आकाश आहे आणि खालचा डांबरी रस्ता स्वच्छ राखाडी दिसतोय. मग गिम्बल (कॅमेरा स्थिर धरणारा हलता कणा) हळूहळू झुकतो, आकाश वर निघून जाते, सगळीकडे हिरवळच उरते, आणि तोच रस्ता किंचित गुलाबी-जांभळट व्हायला लागतो. ऊन बदललेले नाही, ढगही आलेला नाही. बदलला तो कॅमेऱ्याचा अंदाज.

ड्रोनच्या व्हिडिओत रंगाची जी दुखणी दिसतात, त्यांतली बरीचशी याच जागी सुरू होतात. म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे म्हणून कॅमेऱ्यात लावायचा आकडा दोन-तीनशे केल्विननी (प्रकाशाच्या रंगाचे हे एकक) चुकला, तर एडिटिंगमध्ये एका हालचालीत तो सुधारता येतो. पण शॉट चालू असताना तो आकडा सरकत राहिला, तर प्रत्येक फ्रेमची चूक वेगळी होते आणि एकच दुरुस्ती सगळीकडे लागू पडत नाही. खाली जे काही सांगितले आहे, ते बहुतेक या फरकातूनच निघते.

ऑटो नेमके काय करतो

आपला डोळा प्रकाशाशी जुळवून घेतो. दिव्याच्या पिवळ्या उजेडातही पांढरा सदरा आपल्याला पांढराच वाटतो. सेन्सरला ही सवय नसते, तो लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनलमध्ये जे पडते ते मोजतो. त्यामुळे कॅमेऱ्याला हिरवा चॅनल आहे तसा ठेवून लाल आणि निळा किती पटीने वाढवायचा हे ठरवावे लागते. व्हाइट बॅलन्स म्हणजे मुळात एवढाच गुणाकार.

ऑटोवर ही पट कॅमेरा स्वतः अंदाजाने काढतो. सगळ्यात जुना आणि सोपा अंदाज असा, की चौकटीतल्या सगळ्या रंगांची सरासरी काढली तर ती साधारण राखाडी यावी. आजचे अल्गोरिदम याहून बरेच हुशार आहेत, पण एकाच रंगाने भरलेल्या चौकटीपुढे तेही डगमगतात. जमिनीवरून शूट करताना माणसे, भिंती, कपडे, आकाश असे मिश्रण असते. वरून सरळ खाली पाहिले की चौकट एकरंगी होते: नुसते जंगल, नुसते पाणी, नुसती माती. जंगलावर हिरवा जास्त दिसतो म्हणून कॅमेरा मॅजेंटा (गुलाबी-जांभळा) ओततो. समुद्रावर निळा जास्त म्हणून तो चित्र ऊबदार करतो आणि लाटांचा फेस पिवळट होतो. तांबड्या मातीवर तो थंडावा आणतो, मग सावल्या निळसर पडतात. ड्रोन तर सतत हलणारा, वळणारा, झुकणारा कॅमेरा. ऑटोला इतक्या वेळा मत बदलायची वेळ दुसऱ्या कुठल्या कॅमेऱ्यावर क्वचितच येते.

सूर्यास्ताला ऑटोची खोड वेगळीच असते. सोनेरी उजेड त्याला चूक वाटते आणि तो ती दुरुस्त करायला निघतो. ज्या रंगासाठी उड्डाण केले, तोच फिका होऊन हाती येतो.

केल्विनचा आकडा उलटा का वाटतो

प्रकाशाचे रंगतापमान केल्विनमध्ये सांगतात. मेणबत्ती सुमारे १९०० केल्विन, तारेचा जुना बल्ब २७०० ते ३२००, दुपारचे ऊन ५२०० ते ५६००, ढगाळ आकाश ६००० ते ६५००, उघड्या निळ्या आकाशाखालची सावली ७००० ते ८००० आणि कधी त्याहून वर. आकडा वाढला की प्रकाश निळा होत जातो.

मग ॲपमध्ये आकडा वाढवल्यावर चित्र पिवळे का होते? कारण तिथे तुम्ही चित्राचा रंग सांगत नसता. ‘बाहेर पडलेला प्रकाश इतका निळा आहे’ असे तुम्ही कॅमेऱ्याला सांगता, आणि तो निळेपणा काढण्यासाठी तो पिवळा वाढवतो. हे एकदा डोक्यात बसले, की चुकीच्या दिशेने स्लायडर ओढणे थांबते.

आणखी एक बारीक गोष्ट. ५०० केल्विनचा फरक सगळीकडे सारखा नसतो. डोळ्याला जाणवणारा फरक मोजायचा तर १० लाखाला केल्विनच्या आकड्याने भागतात. या एककाला मायर्ड म्हणतात. ३००० केल्विनचे ३३३ मायर्ड आणि ३५०० चे २८६, म्हणजे फरक ४७. ७००० चे १४३ आणि ७५०० चे १३३, फरक जेमतेम १०. म्हणजे दिव्यांच्या उजेडात आकडा जपून हलवावा लागतो आणि ढगाळ दिवशी थोडा सैलपणा चालतो.

केल्विनचा अक्ष निळ्यापासून नारिंगीपर्यंत जातो. हिरवा आणि मॅजेंटा यांचा अक्ष वेगळा, त्याला टिंट म्हणतात. बऱ्याच ड्रोनच्या ॲपमध्ये केल्विन हाताने लावता येतो, टिंट मात्र येत नाही. उन्हात हे फारसे नडत नाही. दाट झाडीत पानांवरून परतलेला हिरवा उजेड किंवा काही एलईडी आणि ट्यूबलाइट असतील तर नडते, आणि ती दुरुस्ती एडिटिंगवर सोडावी लागते.

उड्डाणाआधीची पाच मिनिटे

व्हाइट बॅलन्स मॅन्युअलवर घ्या आणि प्रकाश पाहून आकडा लावा. स्वच्छ उन्हात ५५००, पातळ ढगांत ६०००, दाट ढगांत ६५००, पूर्ण सावलीतल्या विषयाला ७००० ते ७५००. सूर्योदय-सूर्यास्ताला आम्ही ५५०० वरच राहा असे सांगू. उजेड खरोखर ऊबदार आहे, तर तो चित्रातही ऊबदार दिसायला हवा. तो फार नारिंगी वाटला तर ४८०० ते ५००० पर्यंत उतरा. त्याखाली गेलात की संध्याकाळची दुपार होते.

आकडा लावल्यावर पंख्यांच्या मोटर बंद असतानाच ग्रे कार्ड (रंगाची झाक नसलेले राखाडी कार्ड) शूट करून घ्या. पंखे बंद असतानाही गिम्बल काम करतो, त्यामुळे ड्रोन एखाद्या पेटीवर ठेवा, कार्ड अर्धा-एक मीटर समोर धरा आणि पाच सेकंद रेकॉर्ड करा. कार्डावर तोच प्रकाश पडला पाहिजे जो विषयावर पडतो. झाडाखाली उभे राहून उन्हातल्या शॉटसाठी कार्ड शूट करण्यात अर्थ नाही. कार्ड थोडे तिरके धरा, चकाकी आली तर कोन बदला. अंगातल्या गडद लाल किंवा हिरव्या कपड्यांचा उजेडही कार्डावर परततो, म्हणून हात लांब ठेवा.

ग्रे कार्डाऐवजी छपाईचा पांढरा कागद घेतला, तर फसगत होते. कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायने असतात, ती उन्हातली अतिनील किरणे घेऊन निळा प्रकाश सोडतात. त्या कागदावरून बॅलन्स केले तर सगळे चित्र पिवळट होते. साधे १८ टक्के परावर्तनाचे ग्रे कार्ड पुरते. रंग हुबेहूब हवे असतील, म्हणजे रंगकाम, वस्त्र, पीक किंवा इमारतीच्या नोंदी असतील, तर २४ चौकोनांचा कलर चेकर घ्या. त्यातला शेवटचा राखाडी पट्टा व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर दाखवतो, बाकीचे चौकोन रंगछटा आणि त्यांची तीव्रता तपासायला.

याच वेळी एक्स्पोजरही कुलूपबंद करा. उजेड-अंधार वरखाली झाला की रंगही बदलल्यासारखा वाटतो, आणि मग दोष कुणाचा ते कळत नाही. बॅटरी बदलून ड्रोन पुन्हा चालू केल्यावर सेटिंग परत ऑटोवर गेले नाही ना, ते पाहा. काही ड्रोनमध्ये फोटो आणि व्हिडिओचे सेटिंग वेगवेगळे साठवले जाते, तेव्हा एकीकडे लावलेला आकडा दुसरीकडे असेलच असे नाही.

उन्हात कंट्रोलरचा पडदा पाहून रंग ठरवू नका. फोन जोडला असेल तर रात्रीसाठीचा पिवळा फिल्टर आणि आजूबाजूच्या उजेडानुसार पडद्याचा रंग बदलणारी सोय, दोन्ही बंद करा. एवढे करूनही त्या पडद्यावर विश्वास ठेवायचा तो फक्त चौकट बांधण्यापुरता.

काचेतून आलेला रंग

एनडी फिल्टर म्हणजे उजेड कमी करणारी काळपट काच. ती लावायची कारण हालचाल नैसर्गिक दिसायला शटर फ्रेम रेटच्या दुप्पट असावे लागते: २५ फ्रेमला सेकंदाचा १/५०. स्वच्छ उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ २.८ (लेन्सचे छिद्र) वर शटर साधारण १/३२०० येते. ते १/५० वर आणायला उजेड ६४ पट कमी करावा लागतो, म्हणून एनडी ६४. हलक्या ढगांत बहुधा एनडी १६ पुरतो.

नावातला ‘न्यूट्रल’ शब्द प्रत्येक फिल्टर पाळतोच असे नाही. काही हिरवट झाक देतात, काही तपकिरी. गडद फिल्टरमध्ये आणखी एक अडचण असते. ते दिसणारा प्रकाश अडवतात, पण डोळ्याला न दिसणारा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश तितका अडवत नाहीत. सेन्सरपुढची अवरक्त रोखणारी काच सगळाच भार पेलू शकली नाही, तर काळे कपडे आणि गडद सावल्या तांबूस दिसतात. हे व्हाइट बॅलन्सने जात नाही, कारण ते फक्त काही वस्तूंवर दिसते. यासाठी अवरक्तही अडवणारा फिल्टर लागतो.

तपासायला सोपे आहे. केल्विन कुलूपबंद ठेवून तेच ग्रे कार्ड आधी फिल्टरशिवाय आणि मग प्रत्येक फिल्टरसह शूट करा. कुठल्या काचेला किती झाक आहे ते एकदा लिहून ठेवले की पुढे तेवढी भर एडिटिंगमध्ये देता येते. आणि अर्थात, ग्रे कार्डाचा शॉट नेहमी फिल्टर चढवल्यानंतर घ्यायचा.

पोलरायझर पाण्यावरची आणि पानांवरची चकाकी काढतो, त्यामुळे रंग गडद होतात. पण आकाशाचे ध्रुवीकरण सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक असते. ड्रोनची रुंद लेन्स आकाशाचा मोठा तुकडा पाहते, म्हणून त्यात एक गडद निळा डाग उमटतो, आणि ड्रोन वळला की तो डाग सरकतो. क्षितिज असलेल्या वळणाच्या शॉटला पोलरायझर काढलेला बरा.

लांबचे डोंगर निळे का

इथे थोडे थांबू, कारण ड्रोनच्या फुटेजमध्ये सगळ्यात जास्त चुकीची दुरुस्ती याच गोष्टीची होते.

उंचावरून पाहताना कॅमेरा आणि विषय यांच्यामध्ये हवेचा जाड थर असतो. हवेतले रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात. तो विखुरलेला प्रकाश विषयाच्या प्रकाशात मिसळून कॅमेऱ्यात येतो. जवळच्या झाडावर त्याचा परिणाम नगण्य, दोन किलोमीटरवरच्या टेकडीवर भरपूर. मग एडिटर केल्विन वाढवून टेकडीचा निळेपणा घालवायला जातो, आणि जवळची झाडे, घरे पिवळी पडतात.

असे होणारच. व्हाइट बॅलन्स हा गुणाकार आहे आणि धुरकेपणा ही बेरीज आहे. हवेने प्रत्येक पिक्सेलमध्ये थोडा निळसर उजेड वरून ओतलेला असतो, म्हणून टेकडीच्या गडद सावल्याही काळ्या न राहता निळसर राखाडी होतात. ओतलेले काढायला वजाबाकी लागते. म्हणजे गेन (गुणाकार करणारे नियंत्रण) न हलवता सावल्यांचा पाया, ज्याला लिफ्ट किंवा ऑफसेट म्हणतात, तो निळ्या चॅनलमध्ये खाली घ्यायचा, आणि तोही फक्त वरच्या, लांबच्या भागावर मास्क टाकून, कडा भरपूर मऊ ठेवून. डीहेझचे (धुरकेपणा काढणारे) तयार बटण साधारण हेच करायला पाहते, पण जास्त ओढले की आकाशात डाग आणि कडांना काळी किनार येते.

सगळा निळेपणा काढूही नका. अंतर कळते ते त्याच्यामुळेच. तो पुरता गेला की टेकडी पडद्यावर चिकटवल्यासारखी दिसते.

फाइलमध्ये किती रंग शिल्लक असतो

डीएनजी फोटोमध्ये सेन्सरचे कच्चे आकडे असतात. व्हाइट बॅलन्स ही तिथे नुसती चिठ्ठी असते, नंतर कितीही बदला. नेहमीच्या एच.२६४ किंवा एच.२६५ व्हिडिओत मात्र तो गुणाकार करूनच चित्र साठवले जाते. ८ बिटमध्ये प्रत्येक चॅनलला २५६ पायऱ्या, १० बिटमध्ये १०२४. शिवाय ४:२:० पद्धतीत चार पिक्सेलमागे रंगाची एकच नोंद असते. ८ बिटच्या फाइलमध्ये हजार-दीड हजार केल्विनची चूक सुधारायला गेलात, की आकाशात पट्टे उमटतात. सोय असेल तर १० बिट घ्या.

लॉग प्रोफाइल, म्हणजे एडिटिंगसाठी मुद्दाम फिके चित्र साठवायची पद्धत, उजेड-अंधाराची जास्त मर्यादा सांभाळते, पण चित्र फिके आणि कधी हिरवट दिसते. तो दोष समजून केल्विन हलवू नका. लॉगचे चित्र नेहमीच्या रंगात दाखवणारी पूर्वदृश्याची सोय चालू करा आणि मग पाहा. आणि झेब्रा (फार उजळ भागावर पट्टे दाखवणारी सोय) लावून ढग जळू देऊ नका. तिन्ही चॅनल कमाल मर्यादेला टेकले की तिथे रंगाची माहितीच उरत नाही. नंतर निळा कमी केलात तर तो जळलेला ढग पिवळा होतो.

एडिटिंगमध्ये क्रम महत्त्वाचा

आधी व्हाइट बॅलन्स, मग लॉगचे रेक.७०९ मध्ये (नेहमीच्या पडद्याच्या रंगमानकात) रूपांतर, शेवटी आवडीची छटा. रूपांतराचे एलयूटी म्हणजे ठरावीक आकडे घेऊन ठरावीक आकडे देणारी तक्ती. तिला चुकीचा रंग दिला तर ती चूक आणखी वाकडी करून परत देते, आणि तिच्यानंतर केलेली दुरुस्ती कापल्या गेलेल्या ढगांपर्यंत पोचत नाही. डीजेआयच्या डी-लॉग आणि डी-लॉग एम या दोन वेगळ्या प्रोफाइल आहेत, एकीचे एलयूटी दुसरीला लावले की कॉन्ट्रास्ट आणि रंग दोन्ही बिघडतात.

ग्रे कार्डाची क्लिप उघडा आणि आरजीबी परेड (तिन्ही रंगांचे आलेख शेजारी-शेजारी दाखवणारी खिडकी) पाहा. कार्डाच्या जागी लाल, हिरवा, निळा यांच्या रेषा एकाच उंचीवर आल्या पाहिजेत. आधी टेम्परेचरने लाल-निळा जुळवा, मग टिंटने हिरवा. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये नोडचा (दुरुस्तीच्या एका टप्प्याचा) गॅमा लिनिअर करून गेनने हीच दुरुस्ती केली, तर ती जास्त स्वच्छ बसते, कारण प्रकाशावरचा गुणाकार प्रकाशाच्याच मापात होतो. मग तीच दुरुस्ती त्या उड्डाणाच्या सगळ्या क्लिपना लावा. केल्विन कुलूपबंद ठेवल्याचे फळ इथे मिळते: चाळीस क्लिप, एक दुरुस्ती.

कार्ड नसेल तर चौकटीत राखाडी काहीतरी शोधा: काँक्रीट, जुना डांबरी रस्ता, पत्रा. उन्हातला भाग निवडा. सावलीतल्या रस्त्यावर आकाशाचा निळा उजेड असतो, तिथे ड्रॉपर (निवडलेली जागा राखाडी मानून बॅलन्स करणारे साधन) लावला तर उन्हातला सगळा भाग पिवळा होईल.

जमिनीवरच्या कॅमेऱ्याशी जुळवायचे असेल, तर दोन्हीकडे ५६०० लावून भागत नाही. प्रत्येक सेन्सरचे रंगगाळणे वेगळे असते. एकच चार्ट एकाच उजेडात दोन्ही कॅमेऱ्यांनी शूट करा आणि ड्रोनची क्लिप मुख्य कॅमेऱ्याकडे ओढा. ज्या मॉनिटरवर हे काम करता तो डी६५ (सुमारे ६५०० केल्विनच्या) पांढऱ्यावर कॅलिब्रेट केलेला हवा, नाहीतर सगळी मेहनत त्या मॉनिटरचा दोष झाकण्यात जाते.

आधीच सरकलेला रंग

ऑटोवर शूट झाले आहे आणि शॉट पुन्हा मिळणार नाही, तर एक उपाय आहे. क्लिपच्या दोन प्रती एकावर एक ठेवा, फ्रेमला फ्रेम जुळवून. खालची प्रत शॉटच्या सुरुवातीच्या रंगासाठी दुरुस्त करा, वरची शेवटच्या रंगासाठी. सरकणे जिथे सुरू होते तिथे वरच्या प्रतीची अपारदर्शकता शून्य, जिथे थांबते तिथे १००. चित्र तेच असल्यामुळे मिसळण दिसत नाही, फक्त रंग स्थिर होतो. ऑटो मध्येच मागेपुढे झाला असेल तर आणखी की-फ्रेम (जिथे आकडा ठरवून द्यायचा ते क्षण) लागतील. त्यासाठी पूर्ण शॉटभर दिसणारी एक राखाडी वस्तू निवडा आणि परेडवर तिच्यावरच लक्ष ठेवा.

नकाशासाठी जोडायच्या शेकडो फोटोंना असा उपचार परवडत नाही. तिथे ऑटो राहिला की जोडलेल्या चित्रात चौकोनी ठिगळे दिसतात. पॅनोरामा आणि हायपरलॅप्सचेही तेच. पिकांचे मोजमाप करणारे मल्टिस्पेक्ट्रल कॅमेरे तर व्हाइट बॅलन्सवर अवलंबूनच राहत नाहीत. उड्डाणाआधी परावर्तन माहीत असलेल्या पॅनेलचा फोटो घेतात आणि वर बसवलेल्या सेन्सरने उन्हाची नोंद ठेवतात.

रात्रीचे शहर

रात्री एकच बरोबर आकडा नसतो. एका चौकटीत सोडियमचे नारिंगी दिवे २००० केल्विनच्या आसपास, पांढरे एलईडी ४००० ते ५०००, आणि वर संधिप्रकाशाचे निळे आकाश. मधला आकडा, साधारण ३८०० ते ४२००, बहुतेक शहरांना चालतो: दिवे ऊबदार राहतात, आकाश निळे राहते. फार खाली उतरलात तर कॅमेरा निळा चॅनल जोरात वाढवतो आणि त्याच चॅनलमधला दाणेदारपणा आकाशात उठून दिसतो.

कमी दाबाच्या सोडियम दिव्यांखाली मात्र कुठलाच आकडा उपयोगी पडत नाही. तो प्रकाश जवळजवळ पूर्णपणे ५८९ नॅनोमीटरच्या एकाच पिवळ्या पट्टीतला असतो. निळी गाडी त्याखाली निळा प्रकाश परत पाठवूच शकत नाही, कारण तिच्यावर तो पडलेलाच नसतो. अशा रस्त्याचा पिवळेपणा काढायला गेलात तर मळकट राखाडी हाती येते. केल्विन ४००० वर ठेवा, पिवळ्या रंगाची तीव्रता थोडी उतरवा आणि रस्ता पिवळाच राहू द्या.